बावीस हात नाडा

आमच्या माळवदाच्या घरात ढाळजेतल्या खुंटीला एक जुना नाडा कित्येक वर्षं लटकत होता. अंगठ्याहून जाड, काळपट पडलेला, मधेमधे उंदरांनी कुरतडलेला. वडिलांनी दोनदा तो उकिरड्यावर नेऊन टाकला आणि दोन्ही वेळा मोठीमायनं, म्हणजे त्यांच्या आईनं, तो परत आणून खुंटीला अडकवला. "बावीस हाताचा हाय. आता कोण वळून देतंय?" एवढंच म्हणायची. मोट बंद पडून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार घरघरत होती. नाड्याचा उपयोग घरात कुणालाच नव्हता. तिला मात्र होता. ती त्यावर काळ मोजायची.

मोठीमायला इसवी सन ठाऊक नव्हता. तिच्या आठवणींचे खांब वेगळे होते: रझाकाराच्या आदी, रझाकारात, बहात्तरात, लाईट आली तव्हा, जालना जिल्हा झाला तव्हा. (जिल्हा १ मे १९८१ ला झाला. औरंगाबादेतून आमचे तालुके निघाले, परभणीचं परतूर जोडलं गेलं. तिच्या लेखी या घटनेचं महत्त्व एवढंच, की कचेरीच्या कामाला औरंगाबादची एसटी धरावी लागेना.) या प्रत्येक खांबाला तिनं विहिरीचं माप बांधून ठेवलेलं. रझाकाराच्या आदी बावीस हात. बहात्तरात विहीर खोल केली तेव्हा अठ्ठावीस. लाईट आल्यावर मोजणं हातांतून पाइपांत गेलं आणि बोअर आल्यावर फुटांत. "फुटाचं मला काय कळत नाई," ती म्हणायची, "पर नाडा लांबला की बैल थकतोय, येवढं कळतंय."

मोट पाहिलेली माणसं आता कमी उरली, म्हणून थोडं सांगतो. नाडा जेवढा लांब, तेवढीच बैलांची धाव लांब. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर यायची, सोंडेतून थारोळ्यात रिती व्हायची, पाणी पाटाला लागायचं, आणि मग बैल मागं मागं सरत पुन्हा धावेच्या माथ्याला यायचे. पाणी दोन हात खाली गेलं की धावही दोन हात वाढवावी लागे, तिच्या शेवटाला खणून. पाणी उतरल्याची खबर घराला अशी बैलांच्या पायांतून मिळायची. दिवसभर हाकूनही भिजायचा तो गव्हाचा एक तुकडा, चार वाफे मिरची, कांदा. उरलेलं सगळं वावर आभाळाच्या भरवशावर. हाकणारा थकायचा, बैल थकायचे, आणि त्यांच्या विसाव्यात विहीर भरून यायची. यात पूर्वजांचा काही शहाणपणा होता असं मला वाटत नाही. जास्त उपसायची सोय असती तर त्यांनीही उपसलं असतं. आबांनी, म्हणजे आजोबांनी, पुढं ते करून दाखवलंच.

नाडाही वावरातच पिकायचा. खरिपात पिवळ्या ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास, मधे मूग-उडीद, कडेनं तीळ आणि अंबाडी. अंबाडीचा कोवळा पाला भाजीला, आणि मोठ्या झालेल्या ताटांचे भारे डोहात कुजत घालायचे. सोलून निघालेला वाख गावकुसाबाहेरच्या मातंग वस्तीत जायचा. तिथले एक म्हातारे आमच्या घरचे नाडे, कासरे, दावी वळून द्यायचे. बदल्यात सुगीला खळ्यावरून त्यांचं ठरलेलं बलुतं. मोठीमाय हे सगळं फार रंगवून सांगायची. पीळ कसा भरायचा, ओला नाडा दोन बाभळींच्या मधे कसा ताणून ठेवायचा. एक गोष्ट मात्र तिनं कधी सांगितली नाही, ती मला वडिलांकडून कळली. ज्या हातांनी वळलेल्या नाड्यांवर गावाच्या विहिरी उपसल्या जायच्या, त्याच घरातल्या बायका गावच्या आडापाशी रिकामी घागर घेऊन उभ्या असायच्या, कुणी वरून ओतून देईपर्यंत. जुन्या शेतीचं गुणगान ऐकताना मला हटकून ती घागर दिसते.

निजामाच्या राज्यात सारा हाली सिक्क्यात भरायचा आणि वावर कुणाच्या नावावर हे पाटील-पटवाऱ्याच्या दप्तरावर ठरायचं. आमचे पणजोबा कुळानं करायचे. १९५० चा हैदराबादचा कुळकायदा आला तेव्हा सात-आठ एकर आमच्या नावावर लागले, आणि त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आबांनी वावराच्या वरच्या अंगाला दगडी बांध घातला. तोवर तीस वर्षं तेच वावर कसत होतो, बांध कुणी घातला नव्हता. आबांना कारण विचारलं तर ते खेकसायचे, "दुसऱ्याच्या मातीला कोण बांध घालतंय?" मृदसंधारणावरची मोठमोठी भाषणं मी पुढं ऐकली. त्या सगळ्यांत मला हे वाक्य जास्त खरं वाटत आलं.

बहात्तर मला पाठ आहे, कारण तेच तिनं सगळ्यात जास्त वेळा सांगितलं. आधीची दोन वर्षं पाऊस हुलकावण्या देतच होता. बहात्तरच्या मिरगात आभाळ आलं नि गेलं. दिवाळीपर्यंत पेव रिकामं. मग दुष्काळी काम निघालं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, असं मी पुढं वाचलं. मोठीमाय त्यांतली एक. आधी खडी फोडायला. ऊन चढायच्या आत ढीग झाला पाहिजे म्हणून अंधारात निघायची, हाताच्या फोडांना चिंध्या बांधून. लेकरांना सुकडी मिळायची, आणि रेशनला अमेरिकेची मिलो, ती लाल ज्वारी. "त्याची भाकर थापताना तुटायची आन् खाताना तुटायची नाई," असं सांगून ती स्वतःच हसायची.

त्या खडीचे ढीग रस्त्याकडेला कित्येक वर्षं तसेच पडून होते, त्यांत बोरी उगवल्या. माणसं जगवायची म्हणून काम काढलं होतं, त्या कामाचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण खडीनंतर टेकडीच्या पायथ्याला पाझर तलावाची माती पडू लागली, आणि ते मात्र तिनं आपलं मानलं. शेवटपर्यंत ती "मह्या तलावाला पाणी आलं का?" असंच विचारायची. याच काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनं सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा पुढ्यात महाराष्ट्राचाच अनुभव होता. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून लिहून देणारं जगात फारसं काही तोवर नव्हतं. मोठीमायला यातलं काही सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, गाळ कोण काढणार.

कारण तलाव गाळानं भरत चालला होता. टेकडी उघडी, वरची वावरं बिनबांधाची. दर पावसाळ्यात काळी माती उतरून तलावात बसायची.

"तव्हा खायाला नव्हतं, पर विहिरीत पाणी व्हतं. आता उलटं." हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक म्हातारीकडं असतं. मी बराच काळ ती म्हातारपणाची हळहळ समजत होतो. पण तिच्या नाड्याचा हिशेब घातला की वाक्य नुसतं भावनेचं राहत नाही. एवढ्या दुष्काळात विहीर सहा हात खोल करावी लागली आणि पाणी लागलं. शिवारात तेव्हा मोटा होत्या आणि दोन-तीन तेलाची इंजिनं. उपसाच कमी होता.

याच सुमारास जालन्याचं नाव बियाण्यासाठी होऊ लागलं होतं. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, व्यापारपेठेची. नव्या काळात ती पिशवीतल्या बियाण्याला लागू पडली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको कंपनी काढली. ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला संकरित वाणही त्याच सालचा. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्या घरात हायब्रीड बहात्तरच्या धसक्यानं शिरलं. मोठीमायची तक्रार ठरलेली: भाकरीला गोडी नाही, उशिराच्या पावसानं कणसं काळी पडतात, काडी बुटकी, गुरं कडब्याला तोंड लावत नाहीत. पण ती खोटं बोलणारी नव्हती. तक्रार संपली की म्हणायची, "पेव मातर भरलं बाबा त्यानं." ज्यानं मिलोची भाकर खाल्लेली नाही त्यानं हायब्रीडला नावं ठेवू नयेत, असं माझंही मत आहे.

बदललं ते हळूहळू, लक्षात न येता. हायब्रीडचं वावर जवळपास एकाच पिकाचं झालं, तुरीचं तास तेवढं उरलं, तीळ-अंबाडी गेली. कडबा कमी म्हणून जनावरं कमी, जनावरं कमी म्हणून शेणखत कमी. राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं बी गेलं. माझ्या दोन आत्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या. दुपारनंतर कपाशीच्या एकेका कळीचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पारी तिच्यावर परागण करायचं, खूण म्हणून दोरा बांधायचा. हात इतके सराईत की बोलता बोलता ओळ संपायची. पुढं २००२ मध्ये बीटी कापूस आला, औषधाचा पंप काही वर्षं भिंतीला टेकून राहिला, आणि २०१७ च्या हंगामात फुलं न उमलता डोमकळ्या दिसू लागल्या. आत गुलाबी बोंडअळी. तेव्हा वडील म्हणाले, हिला पुन्हा ओळखायला शिकावं लागेल. अंबाडी गेली तसा हातानं वळलेला दोरही तोवर घरात राहिला नव्हता. कासरा नायलॉनचा होता.

लाईट आली आणि आबांनी मोटार बसवली. वरच्या अंगाला दगडी बांध घालणारा हाच माणूस. पण मोटार थकत नाही. रात्रीची लाईट असली की आबा बॅटरी घेऊन बारं द्यायला जायचे, आणि विहीर तळाला लागेपर्यंत मोटार चालायची. शेजाऱ्याच्या विहिरीवरही तेच. आधी विहिरीत आडवे बोअर मारले, मग उभे. पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवायचा, त्याला पैसे द्यायचे, गाडीवाल्याला फुटावर पैसे द्यायचे. आपल्या जमिनीखालची रचना गवंड्यालाही ठाऊक असते: वर काळी, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी धरतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. पाषाणात एखादी भेग सापडली तर सापडली. तरी तीनशे फूट, पाचशे फूट. साठ मीटरपेक्षा खोल जायला बंदी करणारा कायदा राज्यानं २००९ मध्ये केला, पण बोअरची गाडी रात्री येते.

२०१२ च्या दुष्काळात हे सगळं उघडं पडलं. माझ्या मामांची अंबडच्या अंगाला मोसंबीची बाग होती, चारशे झाडं. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडू देतात, मग पाणी सोडलं की झाड फुलानं लगडतं. याला बागेला ताण देणं म्हणतात. किती ताण द्यायचा हे मामा पान हातात चुरगाळून सांगायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी ताण दिला आणि तो ताण तोडायला पाणीच उरलं नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. टँकरनं काही दिवस जगवली. एप्रिलमध्ये मामांनी अर्धी बाग वाचवायची म्हणून अर्धी तोडायला लावली, मेमध्ये उरलेली. सरपण म्हणून ट्रक भरले. मामी त्या दिवसांत घराबाहेर आली नाही. मामांना मी कधी रडताना पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. ते झाडाच्या बुंध्यावरची वर्तुळं मोजत बसले होते.

जालना शहराला तेव्हा टँकरशिवाय गत नव्हती. निजामकाळात बांधलेल्या आणि उताराच्या बळावर शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला, शेतकऱ्यांनी तो वावरात नेला. आमच्या गावानं काही वर्षांनी तेच केलं. मोठीमायच्या तलावात घरचीच माती होती. पन्नास वर्षांत आमच्याच वावरातून वाहून गेलेली, ट्रॅक्टरचं भाडं भरून आम्ही परत आणली.

त्याच २०१२-१३ मध्ये जिल्ह्यात एका गावच्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. कडवंची. जालन्याहून सिंदखेडराजाच्या बाजूला, एरवी मुरमाड, उताराचं, कुणी सोयरीक करायला नाखूश असावं असं शिवार. बाग तोडल्यावर मामांना कुठंतरी न्यायचं म्हणून मी त्यांना तिकडं घेऊन गेलो. मामा पहिल्यांदा बागेकडं गेलेच नाहीत. टेकडीकडं चालू लागले.

टेकडीवर सलग समतल चर होते, त्यांत गवत माजलेलं. ओघळीत अनगड दगडांचे बांध, खाली मातीचे नालाबांध, आणि मधली सगळी वावरं बांधबंदिस्त, प्रत्येक बांधाला सांडवा. १९९६ च्या सुमारास विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून हे काम सुरू केलं. पाणलोट सुमारे १८८८ हेक्टरचा. हा कार्यक्रम उभा राहण्यामागं फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून येऊन नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले जेझुइट. पैसा जर्मनीचा, व्यवहार नाबार्डचा, आणि अटी गावाच्या गळी उतरवायच्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. सगळ्यात महत्त्वाचा नियम माथ्यापासून पायथ्याकडं यायचं हा. बहात्तरात आम्ही पायथ्याला तलाव बांधला आणि माथा उघडा ठेवला. इथं आधी माथा.

मामा एका बांधावर उकिडवे बसले आणि सांडव्यातली माती उकरून पाहिली. "बुडाला काळी हाय," म्हणाले. म्हणजे वरची माती वाहून जात नाही, बांधाला येऊन थांबते. मग कुठं त्यांनी शेततळ्यांकडं नजर टाकली. गावात ती शेकड्यांनी आहेत, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली. पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी उन्हाळ्यात ठिबकनं द्राक्षाला.

या शेततळ्यांबद्दल मला इथं थोडं कडू बोलायचंय. कडवंचीत आधी टेकडी बांधली गेली, माती थांबली, विहिरींना पाणी आलं, शेततळी त्यावर आली. आमच्याकडं लोक कडवंचीला एसटी भरून जाऊन आले आणि परतताना फक्त प्लॅस्टिक बघून आले. टेकडीला हात नाही. तळं खणलं, अनुदान घेतलं, आणि पावसाचं वाहतं पाणी धरण्याऐवजी कार्तिकात मोटार लावून विहिरीतून ते भरून घेतलं. म्हणजे जमिनीखालचं, चौघांच्या विहिरींना मिळालं असतं ते पाणी एकानं वर काढून उन्हात वाळत घातलं. मोठीमायला मी असं एक तळं दाखवायला नेलं होतं. ती काठाला बराच वेळ उभी राहिली. "झाकण नाई का याला?" तिनं विचारलं. तळ्याच्या मालकाला तो विनोद वाटला.

आता आमच्या टेकडीवरही चर आहेत. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यानं २०१८ मध्ये सुरू केलेल्या पोकरा प्रकल्पात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनीत, मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांना पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं. पडला किती, वाहून गेला किती, मुरला किती, पिकांना लागणार किती. गणित आयआयटी मुंबईनं बसवून दिलेलं. माझा चुलतभाऊ यात उत्साही आहे. तो दर महिन्याला सहा विहिरींत टेप सोडतो आणि आकडे फळ्यावर लिहितो. लोक फळा वाचतात आणि तरी रब्बीला ऊस लावायचा विषय काढतात, मग भांडण होतं. भांडण होतं हीच मला प्रगती वाटते. पूर्वी विषयच निघत नव्हता.

गेल्या मेमध्ये मी गावी होतो. त्यानं आमच्या विहिरीत टेप सोडला, पाण्याला लागल्यावर ओढून आकडा वाचला: ९.४० मीटर.

"म्हंजी किती हात?" मी विचारलं.

त्यानं मोबाइलवर भागाकार केला. "साडेवीस. चाकावरचा आन् जुवापतूरचा सोडला, तर मोठीमायच्या बावीस हाताला लागून हाय. रझाकाराच्या आदीचं पाणी आलं की रे!" त्याचा चेहरा उजळला होता. फळ्यावर लिहू का म्हणाला.

मी म्हटलं, हात दीड फुटाचा धरलास, पण कुणाचा हात? मोठीमायचा म्हणशील तर ती साडेचार फुटांची बाई. आबांचा म्हणशील तर वेगळं. हातात दोन-दोन बोटांचा फरक पडला तर बावीस हातांत जवळपास दोन हात इकडचे तिकडं होतात. नाडाच समोर असता तर मोजला असता. पण माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा जुन्या लाकडांबरोबर तो कुठं गेला, कुणालाच आठवत नाही.

वडील पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "नाडा वळणाराच्याच हातानं मोजायचे. वळून झाला की ते म्हातारे खांद्यावर घेऊन यायचे आन् आपल्या अंगणात मोजून द्यायचे."

"त्यांचं नाव काय होतं?"

वडील आठवू लागले. वस्तीकडं हात करून त्यांच्या घराची जागा सांगितली, दाराशी चिंच होती ते सांगितलं, त्यांचा एक नातू जालन्यात स्टीलच्या कारखान्यात आहे म्हणाले. नाव मात्र आठवेना. चुलतभाऊ टेप गुंडाळत होता. पलीकडच्या वावरात दुपारीच बोअरची गाडी लागली होती, तिच्या आवाजात वडिलांचं पुढचं बोलणं नीट ऐकू आलं नाही.